साठा सगळ्यात शेवटी: लीन आणि जस्ट-इन-टाइमची सुरुवात कुठून करावी

लीन म्हणजे वाया जाणारं सगळं काढून टाकत उत्पादन करण्याची पद्धत. तिच्याबद्दल नव्याने ऐकलेला माणूस बहुधा एकच गोष्ट लक्षात ठेवतो, ती म्हणजे साठा कमी करायचा. मग स्टोअरला फर्मान सुटतं की महिन्याभराचा माल पंधरा दिवसांवर आणा. पहिले काही दिवस कागदावरचे आकडे झकास दिसतात. नंतर कधीतरी एक मशीन बंद पडतं, त्याच दिवशी एक लॉट रिजेक्ट होतो, पुरवठादाराची गाडीही अडकते आणि लाइन उभी राहते. मग सगळे एकमुखाने सांगतात की ही पुस्तकी थेरं आहेत, प्रत्यक्षात चालत नाहीत.

साठा उगाच साठलेला नसतो. लांबलचक सेटअप (एका मालावरून दुसऱ्यावर जाताना मशीनची जुळवाजुळव), बेभरवशाचं मशीन, उशिरा सापडणारे दोष, लहरी मागणी यातल्या कशावर तरी तो पांघरूण घालत असतो. मूळ कारण तसंच ठेवून नुसतं पांघरूण ओढलं तर फजिती होणारच. म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल. इथे साठ्याला हात सगळ्यात शेवटी लागतो.

हा विचार आला कुठून

'जस्ट-इन-टाइम', म्हणजे लागेल तेव्हा आणि लागेल तेवढंच, हा शब्द टोयोटा मोटरचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी १९३०च्या दशकातच वापरला होता. पण पद्धत घडली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत. जपानची बाजारपेठ लहान होती, गाड्यांचे प्रकार अनेक होते आणि भांडवलाची चणचण होती. एकाच मॉडेलचे अवाढव्य लॉट काढत राहण्याची अमेरिकी चैन परवडणारी नव्हती. १९५० साली कंपनी बुडण्याच्या बेतात आली, कामगारकपातीवरून संप झाला आणि किइचिरोंना अध्यक्षपद सोडावं लागलं. याच काळात कंपनीतले ताइइची ओनो मशीन शॉपमध्ये एकेक प्रयोग करत होते. त्यांची कानबान पद्धत (कार्डांच्या इशाऱ्यावर माल काढण्याची रीत, ती पुढे येईल) कंपनीभर पसरायला १९६०चं दशक उजाडलं. 'लीन' हे नाव तर आणखी उशिराचं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधन प्रकल्पात काम करणाऱ्या जॉन क्राफसिक यांनी ते १९८८ साली वापरलं.

तेव्हा तीन महिन्यांत लीन करून देतो म्हणणारा सल्लागार भेटला तर या तारखा आठवा. ज्यांनी ही पद्धत जन्माला घातली, त्यांनाच दशकाहून अधिक काळ लागला होता.

आधी एकच उत्पादन निवडा आणि त्याच्या मागावर चाला

सगळा कारखाना एकदम हातात घेऊ नका. साधारण सारख्याच मशीनवरून जाणाऱ्या मालाचा एक गट निवडा. शक्यतो नियमित मागणीचा असावा, वर्षातून दोनदा लागणारा नको. मग डिस्पॅचपासून उलटं, कच्च्या मालाकडे चालत जा. उलटं अशासाठी, की ग्राहकाला काय लागतं तिथून सुरुवात केली की मधल्या प्रत्येक ढिगाऱ्यापाशी आपोआप प्रश्न पडतो, हा इथे का थांबलाय?

प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी लिहा. एका नगाला किती सेकंद लागतात, सेटअपला किती मिनिटं जातात, मशीन दिवसातून किती वेळ बंद असतं आणि पुढच्या टप्प्याआधी किती नग पडून आहेत. नग स्वतः मोजा. संगणकातला साठा आणि जमिनीवरचा साठा यांचं जमत नाही, हे पहिल्याच फेरीत कळेल.

पुढे सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण घेऊ. धातूचे ब्रॅकेट बनवणारी एक छोटी लाइन आहे. पत्रा कापायला ४० सेकंद, प्रेसवर वाकवायला ६०, वेल्डिंगला ८५ आणि तपासणी-पॅकिंगला ७५. एका नगावरचं एकूण काम २६० सेकंदांचं, म्हणजे साडेचार मिनिटंही नाही. रोज २८० नग बाहेर जातात. टप्प्याटप्प्यांच्या मधे पडलेले नग मोजले तर भरले १,४००.

आता १,४०० भागिले २८० केले की ५ येतात. म्हणजे आज कापलेला पत्रा सरासरी पाच दिवसांनी बाहेर पडणार. या भागाकारामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला, म्हणून तो लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. लीनमधलं एकच सूत्र पाठ करायचं असेल तर हे करा: मधला माल भागिले रोजचं उत्पादन, म्हणजे लागणारे दिवस. साडेचार मिनिटांचं काम आणि पाच दिवसांचा मुक्काम. कामगाराने हात दुप्पट वेगाने चालवले तर यातली दोन-सव्वादोन मिनिटं वाचतील. पाच दिवसांकडे मात्र कुणी पाहतच नाही.

टाक्ट टाइम काढा

ग्राहकाला किती वेळाने एक नग हवा आहे, तो टाक्ट टाइम. शिफ्ट ४८० मिनिटांची, चहा-जेवणाच्या सुट्ट्या आणि बैठका वजा करून उरली ४२०. म्हणजे २५,२०० सेकंद. मागणी २८०. भागाकार ९० सेकंद. तासाला ४० नग.

हा आकडा फळ्यावर लिहिला की लाइन वेगळी दिसू लागते. कापणी ४० सेकंदांत होते, म्हणजे तिला मोकळं सोडलं तर ती गरजेच्या दुपटीहून जास्त माल काढून पुढच्याच्या दारात ढीग लावेल. वेल्डिंगची गोष्ट उलट आहे. ८५ सेकंदांनी २८० नग करायला २३,८०० सेकंद जातात. दिवसभरात श्वास घ्यायला उरतात १,४०० सेकंद, जेमतेम २३ मिनिटं. वेल्डिंग अर्धा तास बंद पडलं की त्या दिवसाचं गणित गेलं. मेंटेनन्सवाल्यांचं पहिलं लक्ष कुठे हवं, ते इथे वादाशिवाय ठरतं.

तासागणिक फळा लावा: हवे ४०, झाले किती, कमी का. 'का' हा रकाना सगळ्यात मोलाचा आहे आणि सगळ्यात आधी तोच कोरा राहू लागतो. सुपरवायझरने रोज तो वाचून त्यावर काही केलं, तरच ऑपरेटर लिहीत राहतो.

मशीन रिकामं दिसलं तर दिसू द्या

ओनोंनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त किंवा आधी केलेलं उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, नको तितकी प्रक्रिया, साठा, माणसाची अनावश्यक हालचाल आणि दोष. नवखे लोक ही यादी पाठ करतात आणि सातही प्रकारांना सारखंच वजन देतात. ओनोंच्या मते पहिला प्रकार सर्वांत वाईट होता, कारण बाकीचे त्याच्या पोटी जन्मतात. जास्त माल केला की तो ठेवायला जागा लागते, हलवायला ट्रॉली लागते, मोजायला माणूस लागतो आणि त्यात दोष असेल तर तो आठवड्याने सापडतो.

अडचण अशी की बहुतेक ठिकाणी जास्त उत्पादनाला बक्षीस असतं. मशीन किती टक्के वेळ चाललं, यावर विभागप्रमुखाचं मूल्यमापन होतं. मशीन रिकामं दिसलं की त्याचा जीव वरखाली होतो आणि पुढच्या आठवड्याचा माल आजच काढायला लागतो. हा मापदंड बदलल्याशिवाय पुढची एकही पायरी टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कापणीचं मशीन आपल्या उदाहरणात निम्म्याहून जास्त वेळ थांबलेलंच असायला हवं. तिथल्या माणसाला दुसरं काम शिकवा. मशीनला काम शोधून देऊ नका. त्याऐवजी मोजा या गोष्टी: ऑर्डर वेळेवर गेल्या का, पहिल्याच फटक्यात किती नग चांगले निघाले आणि माल किती दिवस कारखान्यात राहिला.

आवराआवर, थोडक्यात

५-एस म्हणजे नको ते काढणं, हवं ते ठरल्या जागी ठेवणं, सफाई, त्याचे नियम आणि शिस्त. हे करा, पण यात वर्ष घालवू नका. जमिनीवर पिवळे पट्टे मारून लीन झालो असं समजणारे कारखाने थोडेथोडके नाहीत. कसोटी साधी आहे: एखादी वस्तू जागेवर नाही किंवा माल ठरल्यापेक्षा जास्त साचलाय, हे नवख्या माणसालाही बघताक्षणी कळलं पाहिजे. याच सुमारास प्रत्येक कामाची सध्याची सर्वांत चांगली रीत एका पानावर लिहून घ्या, आणि ती ऑपरेटरकडूनच लिहून घ्या.

सेटअप: इथे वेळ घालवा

साठा मोठा असण्याचं सर्वांत मोठं कारण बहुधा सेटअप असतं. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला तास जाणार असेल तर कोणीही म्हणेल, बसवलीच आहे तर चार दिवसांचा माल काढून घेऊ. त्याचं चुकत नाही. सेटअप लांब आहे तोवर लहान लॉटचा आग्रह धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आपल्या प्रेसवर ब्रॅकेटचे तीन प्रकार होतात: पहिला रोज १४०, दुसरा ९०, तिसरा ५०. नुसतं वाकवायला २८० मिनिटं जातात. ४२० मधून उरली १४०. एक सेटअप ७० मिनिटांचं असेल तर दिवसात दोनच होतील, आणि तिन्ही प्रकारांची एक फेरी व्हायला दीड दिवस लागेल. म्हणून प्रत्येक प्रकाराचा किमान दीड दिवसाचा माल मधे ठेवावाच लागतो. तेच सेटअप १४ मिनिटांवर आणलं तर त्याच १४० मिनिटांत दहा बसतात. नऊ वापरा, प्रत्येक प्रकार दिवसातून तीनदा काढा. १२६ मिनिटं गेली, थोडी हाताशी राहिली. मधला माल दीड दिवसावरून एक तृतीयांश दिवसावर येतो.

इथे एक मेख आहे आणि नवखे हमखास तिच्यावर अडखळतात. सेटअपमध्ये वाचलेला वेळ जास्त उत्पादनाला वापरायचा नसतो, तो जास्त सेटअपना वापरायचा असतो. व्यवस्थापनाला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी विचारणा होईल की वाचलेल्या तासात किती नग जास्त काढले.

सेटअप कमी करण्याची रीत शिगेओ शिंगो यांनी घडवली. १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात १,००० टनी प्रेसचं सेटअप चार तासांचं होतं. ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. तुम्ही असं करा. ऑपरेटरला विश्वासात घेऊन एका पूर्ण सेटअपचा व्हिडिओ काढा. जुन्या मालाच्या शेवटच्या चांगल्या नगापासून नव्या मालाच्या पहिल्या चांगल्या नगापर्यंतचा वेळ धरा. मग त्याच्याबरोबर बसून एकेका हालचालीसमोर लिहा की हे मशीन बंद असतानाच करावं लागतं, की चालू असतानाही झालं असतं. डाय स्टोअरमधून आणणं, बोल्टचे पाने शोधणं, ट्रॉलीची वाट पाहणं, क्वालिटीवाल्याला हाका मारणं ही सगळी दुसऱ्या रांगेतली कामं आहेत. पुढची डाय, हत्यारं आणि पहिला नग तपासायचं गेज (मापाचं साधन) आधीच मशीनशेजारी आणून ठेवलं तर फारसा खर्च न करता वेळेचा मोठा तुकडा गळतो.

त्यानंतर मशीन बंद असतानाच्या कामाकडे वळा. सगळे बोल्ट एकाच मापाचे करा म्हणजे एकच पाना पुरेल. लांब बोल्टला दहा फेरे द्यावे लागतात, घट्ट करतो तो शेवटचा फेरा. म्हणून जिथे सुरक्षित असेल तिथे झटपट क्लॅम्प बसवा. सगळ्या डायची उंची खाली प्लेट लावून सारखी करा. पट्टीने मोजून जुळवाजुळव करण्याऐवजी पक्के स्टॉपर लावा. बहुतेक सेटअपमधला छुपा वेळखाऊ भाग ही जुळवाजुळवच असते: एक नग काढ, माप, सरकव, पुन्हा काढ.

दोष पुढे सरकू देऊ नका

मधला माल कमी झाला की एका खराब नगानेही पुढचा टप्पा उपाशी राहतो. म्हणून साठा घटवण्याआधी जागच्या जागी थांबण्याची सवय लावावी लागते. हा विचार मोटारींच्याही आधीचा आहे. किइचिरोंचे वडील साकिची तोयोदा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड विणलं जात नसे आणि एका माणसाला अनेक मागांवर लक्ष ठेवता यायचं.

टोयोटाच्या लाइनवर काही बिघडलेलं दिसलं की कामगार मदतीसाठी दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, तेव्हा लाइन लगेच थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तरच ती थांबते. हा तपशील महत्त्वाचा आहे. दोरी किंवा बटण बसवणं सोपं आहे, हाक मारल्यावर मिनिटभरात येणारा माणूस ठेवणं अवघड. तो माणूस नसेल तर बटण लावूच नका. आणि बटण दाबणाऱ्यावर एकदा जरी कोणी खेकसलं तर पुन्हा ते दाबलं जाणार नाही.

कारण शोधताना 'का' विचारत खाली उतरा. ओनोंचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन का थांबलं? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसं तेल नव्हतं. का नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून थांबलो असतो तर तो पुन्हा उडालाच असता.

मागणीचे हेलकावे कमी करा

सोमवारी सगळा पहिला प्रकार, बुधवारी सगळा दुसरा, असं काढत गेलं तर प्रत्येक मागच्या टप्प्याला आणि पुरवठादाराला त्या त्या दिवसाच्या उच्चांकासाठी माणसं आणि माल तयार ठेवावा लागतो. त्याऐवजी १४०, ९० आणि ५० हे प्रमाण दररोज, जमल्यास दिवसात तीनदा फिरवा. सेटअप आधी घेतलं ते यासाठीच.

हेलकावे नेहमी ग्राहकच आणतो असं नाही. विक्री विभागाचं उद्दिष्ट महिनाअखेरीला मोजलं जात असेल, मोठ्या ऑर्डरवर सवलत असेल, तर शेवटच्या आठवड्यात ऑर्डरींचा पूर येतो आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा कोरडा जातो. ग्राहक रोज सारखाच माल वापरत असतो. लाट आपण उठवलेली असते. यावर कारखान्यात इलाज नाही. विक्री आणि हिशेब खात्याबरोबर बसावं लागतं.

आता कानबान

अमेरिकी सुपरमार्केटच्या कल्पनेतून ओनोंना ही रीत सुचली: गिऱ्हाईक उचलेल तेवढंच फळीवर पुन्हा भरायचं. मागच्याने ढकलायचं नाही, पुढच्याने ओढायचं. प्रत्येक बिनला, म्हणजे माल ठेवायच्या पेटीला, एक कार्ड असतं. वेल्डिंगवाल्याने बिन वापरायला घेतला की त्याचं कार्ड प्रेसकडे परत जातं, आणि कार्ड आलं तरच प्रेस तेवढा माल काढतो. कार्ड नाही तर काम नाही, बिनमधे ठरल्यापेक्षा एकही नग जास्त नाही, आणि खराब नग पुढे जाणार नाही. हे तीन नियम मोडले की कार्डं नुसती शोभेची.

कार्डं किती? रोजची मागणी गुणिले भरून यायला लागणारे दिवस, त्यात थोडी सुरक्षिततेची भर आणि भागिले बिनमधले नग. पहिल्या प्रकाराची मागणी १४०. कार्ड परत जाणं, पाळीची वाट, सेटअप, उत्पादन, परत येणं हे सगळं धरून अर्धा दिवस. म्हणजे ७० नग. २० टक्के भर घालून ८४. बिनमधे २० मावतात, म्हणून ४.२, वर नेऊन ५ कार्डं. त्या ठिकाणी या प्रकाराचे १०० नगच असू शकतात, १०१वा नाही.

सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका. पुठ्ठ्याच्या कार्डांवर काही महिने चालवा. चूक झाली की ती सगळ्यांना दिसते, पडद्याआड जात नाही.

आणि आता साठ्याला हात

सगळं सुरळीत चाललं की एक कार्ड काढून घ्या. पाचाची चार झाली. ८० नग अर्ध्या दिवसाच्या ७० ला पुरतात, गादी फक्त १० नगांची उरली. आता जे दुखेल ते आजवर झाकलेलं होतं. प्रेसचा सेन्सर अधूनमधून अडकतो, दुपारच्या पाळीत डाय शोधावी लागते, असं काहीतरी वर येईल. लाइन उपाशी राहिली तर निमूटपणे कार्ड परत द्या, कारण लिहा, दुरुस्त करा, मग पुन्हा काढा. काहीच दुखलं नाही तर आणखी एक काढता येईल का ते बघा. कार्ड कधी काढायचं हे लाइनवरच्या लोकांना आधी सांगा; गुपचूप काढलेलं कार्ड कपातीसारखं वाटतं. आणि सुधारणेमुळे मोकळ्या झालेल्या माणसाला घरी पाठवलंत तर पुढची सुधारणा कोणी सुचवणार नाही.

पुरवठादाराच्या बाबतीत क्रम हाच, पण संयम जास्त हवा. आपला साठा त्याच्या गोदामात ढकलून जस्ट-इन-टाइम झालो म्हणणं ही धूळफेक आहे. त्याचं व्याज किमतीतून आपणच भरतो. आधी त्याला स्थिर वेळापत्रक द्या, पैसे वेळेवर द्या, मग थोडा-थोडा आणि वारंवार माल मागा. जवळजवळच्या तीन-चार पुरवठादारांकडून एकाच गाडीने फेरी मारून माल उचलला तर वाहतूकखर्चही आवाक्यात राहतो.

काही साठे मात्र ठेवायचेच असतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाचा पुरवठादार असलेल्या आयसिन सेइकीच्या जपानमधल्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास पूर्णपणे तिथूनच यायचा, आणि जपानमधले टोयोटाचे बहुतेक सगळे कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवून काही दिवसांत लाइन पुन्हा सुरू करून दिली, हे जुन्या संबंधांचं फळ. २०११च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपसारख्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. त्यामुळे २०२१च्या चिपटंचाईत ती इतरांपेक्षा जास्त काळ तगली, पण त्या सप्टेंबरात तिलाही जगभरातलं नियोजित उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं.

म्हणून आपल्या मालाची यादी घेऊन प्रत्येक भागापुढे तीन प्रश्न लिहा: पुरवठादार एकच आहे का, बंद पडला तर दुसरीकडून मिळवायला किती आठवडे लागतील, आणि हा भाग नसला तर काय-काय थांबेल. तिन्ही उत्तरं वाईट असतील तिथे साठा ठेवा, तो किती आणि का ते लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी कारण अजून शिल्लक आहे का ते तपासा.